जुन्या गाडीचं बुक आणि गगनबावड्याचा पाऊस

गगनबावडा तालुक्यात ज्यांच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारी जुनी जीप, फियाट नाहीतर येझदी उभी आहे, त्यांना हल्ली एकच प्रश्न छळतो. पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार मोडीत काढणार म्हणे, मग आत्ताच मिळेल त्या भावाने विकून मोकळं व्हावं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. खासगी नोंदणीची गाडी केवळ वय झालं म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात बंद होत नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची, त्याला वयाची वरची मर्यादा नाही. तेव्हा घाईने विकू नका. पण निवांतही बसू नका, कारण नियम दरवर्षी थोडे थोडे आवळत चालले आहेत आणि त्यात पहिल्यांदा सापडतो तो कागद अर्धवट ठेवणारा माणूस.

ही अफवा आली कुठून तेही पाहू. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं. तहसीलच्या जीपा आणि एसटीच्या जुन्या बस मोडीत गेल्या, त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. तो नियम सरकारी गाड्यांपुरता होता, पण पारावर पोचेपर्यंत तो सगळ्यांचा झाला. दुसरं कारण दिल्ली. तिथे हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको असं सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर तेल द्यायचं नाही असा हुकूम लागू झाला आणि ओरड होताच काही दिवसांत गुंडाळला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ती सूट बीएस-४ या धुराच्या मानकात बसणाऱ्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. सहा महिन्यांत वारं तीनदा फिरलं.

दिल्लीचं आपल्याला काय, असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. त्यातलं एक वळण नीट बघा. रेघ आता गाडीच्या वयावरून तिच्या धुराच्या दर्जावर सरकते आहे, आणि आपण ज्यांना हौसेने जुन्या गाड्या म्हणतो त्या सगळ्या बीएस-४ च्या आधीच्या. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का हे तपासायला सांगितलं आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. केंद्राच्या २०१९ च्या शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांच्या यादीत कोल्हापूरही आहे. गगनबावड्याची हवा कितीही स्वच्छ असो, आपलं आरटीओ ऑफिस, आपला फिटर आणि आपले पार्ट कोल्हापुरात आहेत. उद्या शहरात काही बंधन आलं तर पंचावन्न किलोमीटरवरच्या गाडीलाही ते लागणारच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पत्रा आणि इंजिन नंतर बघा, आधी बुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, जिवंत ठेवा. नवा नियम येतो तेव्हा सवलत मिळते ती चालू नोंदणीच्या गाडीला. बुक मेलेल्या गाडीला कुठलीच खिडकी उघडत नाही.

बुकाचं पहिलं पान म्हणजे मालकाचं नाव. आपल्याकडची निम्मी अडचण इथेच असते. जीप आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कैक वर्षं झाली, काका म्हणतात राहू दे, कोण विचारतंय. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तो टळला असेल तरी काम होतं, फक्त वारसांची संमतीपत्रं आणि प्रतिज्ञापत्रं गोळा करताना दमछाक होते. भावकी मुंबई-पुण्याला पांगलेली असेल तर गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा सह्या घेऊन टाका. विकत घेतलेली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सही करून दिली आणि मग दोन-तीन हात बदलले, अशी गाडी तुमच्याकडे असेल तर मूळ मालक हयात आहे तोवरच त्याच्या दारात जाऊन बसा. पूर्वी कधी बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज घेतलं असेल तर बुकावर त्या बोजाचा शिक्का राहिलेला असतो. कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ दिल्याशिवाय तो उतरत नाही, आणि संस्था बंद पडली असेल तर हेलपाटे वाढतात.

दुसरी गोष्ट, तुमचा नंबर संगणकावर आहे का? तीन अक्षरी जुन्या नंबरांची कित्येक बुकं हाताने लिहिलेली आहेत आणि वाहन प्रणालीत त्यांची नोंदच नसते. मोबाईलवर एमपरिवहन उघडा आणि नंबर टाकून बघा. गाडी दिसली नाही तर मूळ बुक घेऊन आरटीओत जा आणि 'बॅकलॉग एंट्री' करून मागा. ही नोंद नसेल तर पुढे नूतनीकरण, विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबर प्लेट, सगळंच अडतं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती नवी प्लेट राज्यात सक्तीची आहे. तिची मुदत २०२५ सालभर वाढत गेली, म्हणून पुढेही वाढत राहील या भरवशावर राहू नका. काळ्या पाटीवरचे पांढरे, हाताने रंगवलेले आकडे काढताना जिवावर येतं हे खरं. ती पाटी घरात भिंतीला लावा, गाडीला नको.

मग पैशाचा भाग. एप्रिल २०२२ पूर्वी मोटारीची नोंदणी वाढवायला ६०० रुपये लागत, त्या महिन्यापासून ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वरचा टप्पा आला. मोटार किंवा जीपला १०,००० रुपये, दुचाकीला २,०००, परदेशातून आणलेली गाडी असेल तर चारचाकीला ८०,००० आणि दुचाकीला २०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि बाकी गाड्यांना ५०० रुपये जादा. चार वर्षं गाडी पडवीत तशीच ठेवली की नुसत्या उशिराचेच चोवीस हजार होतात, आणि पुष्कळदा तेवढी त्या गाडीची बाजारातली किंमतही नसते. म्हणून बुकावरची 'वैध' तारीख बघा आणि ती संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत फॉर्म २५ भरा. गाडी चालत नसली तरी भरा.

तपासणीला नेताना चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो आणि इथे आपल्या हवेने घात केलेला असतो. लाल चिखल चेसिसच्या खाचेत साठतो, पावसाळाभर ओला राहतो आणि नंबरचे आकडे खाऊन टाकतो. गंज दिसला की पोरं तारेचा ब्रश नाहीतर कानस घेऊन बसतात. तसं करू नका. आकडा आधीच पातळ झालेला असतो, चार घासण्यांत तीनाचा आठ वाटायला लागतो आणि मग तुम्ही नंबर खोडला असा संशय तुमच्यावरच. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर नंबरावर ठेवा, सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने हलक्या हाताने पुसा, कोरडं करा आणि वर ग्रीसचा थर द्या. पावसाळ्याआधी दरवर्षी ग्रीस बदला. आकडा खरंच वाचता येत नसेल तर आरटीओकडे अर्ज करा, ते परवानगीने पुन्हा ठोकून देतात. गॅरेजमध्ये स्वतःच पंच मारलात तर चांगली गाडी कायमची चोरीची ठरेल.

याच तपासणीत दुसरा सापळा इंजिनचा. घाटमाथ्यावरच्या कितीतरी जीपांचं मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं आहे. वडापच्या, म्हणजे जीपने प्रवासी वाहतुकीच्या, काळात पेट्रोल परवडत नव्हतं, त्यामुळे ज्याने ते केलं त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण बुकावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी गाडी ना विम्यात बसते ना पासिंगमध्ये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात कंपनीच्या मूळ रचनेत मालकाला मनासारखा बदल करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. बदलाची नोंद त्या काळी बुकावर करून घेतली असेल तर ठीक. नसेल तर तुमच्याच गाडीचं मूळ इंजिन कुठल्या शेडमध्ये पडून आहे का ते शोधा. घरात कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलेलं ते इंजिन आज त्या गाडीचा सगळ्यात महाग पार्ट आहे, भंगारात घालू नका. विजेवर चालवायचं किट बसवून घ्यायचा सल्लाही हल्ली मिळतो. मान्यताप्राप्त किट आणि बुकावर नोंद असेल तर ते कायद्याने चालतं, पण मूळ इंजिन गेलं की गाडी पुढे कधीच व्हिंटेज ठरत नाही.

व्हिंटेज म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात १५ जुलै २०२१ पासून ठरलेलं आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पुरी झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा मोटार, जिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नाही. २०२६ साली ही रेघ १९७६ वर येते. परिवहन संकेतस्थळावर फॉर्म २० भरायचा, जुनं बुक आणि विमा जोडायचा, राज्याने नेमलेली समिती गाडी बघते आणि ठीक वाटलं तर साठ दिवसांत फॉर्म २३-अ मध्ये नोंदणी मिळते. नव्या नोंदणीत नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला मात्र आपला जुना नंबर ठेवता येतो, तो ठेवाच. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,०००.

कोल्हापुरात व्हिंटेज म्हटलं की दसऱ्याला छत्रपती ज्या मेबॅकमधून दसरा चौकात येतात ती राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन गाडी सगळ्यांना आठवते, आणि आपलीही जीप त्या पंगतीत बसवावी असं वाटतं. पण अर्ज करण्याआधी एक अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, तेल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच, आणि त्या ठिकाणी जा-ये करण्यापुरती. रोजच्या वापराला नाही, भाड्याला तर मुळीच नाही. म्हणजे शेतावर जाणं, बाजाराला जाणं, गगनगडावर पाहुण्यांना नेणं हे सगळं बंद. लग्नाच्या वरातीला पैसे घेऊन गाडी देणंही बंद, आणि तसं बघितलं तर साध्या खासगी नोंदणीवरही ते चालत नाही, फक्त आजवर कोणी अडवलं नाही.

हिशोब करून बघा. वीस वर्षांवरच्या जीपला साधी नोंदणी पाच वर्षांना १०,०००, म्हणजे वर्षाला दोन हजार. व्हिंटेजचे दहा वर्षांना २०,०००, तेही वर्षाला दोन हजारच. फरक पडतो तो विम्यात. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात निम्मी सूट आहे. २०२२ च्या दरांनी १,५०० सीसीवरच्या मोटारीचा हप्ता ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. जुन्या विलिस जीपचं इंजिन २,१९९ सीसीचं, तेव्हा तिचे वर्षाला चार हजारांच्या आसपास वाचतात. फियाट १,०८९ सीसीची, तिचा हप्ता ३,४१६, तिचे सतराशे वाचतात. एवढ्यासाठी गाडी चालवण्याचा हक्क सोडायचा का? माझं मत विचाराल तर गगनबावड्यात राहून जो माणूस गाडी खरोखर वापरतो त्याने व्हिंटेजच्या मागे लागू नये, साधी नोंदणी वाढवत राहावी. ज्याची गाडी वर्षातून चारदाच बाहेर निघते, जिचं इंजिन मूळचं आहे आणि ज्याला रॅलीला न्यायची हौस आहे, त्याने जरूर अर्ज करावा.

खरी पंचाईत आहे ती मधल्या गाड्यांची. ऐंशीच्या दशकातली एमएम ५४०, पद्मिनी, पहिल्या वर्षांतली मारुती ८००, काँटेसा, नव्वदच्या दशकातली येझदी. लोक त्यांना क्लासिक म्हणतात, पण क्लासिक नावाचा वर्ग आपल्या कायद्यात नाही. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली, ती पन्नाशीला पोचायला २०३३ उजाडेल. तोपर्यंत या गाडीला साध्या जुन्या गाडीचे सगळे जाच सोसायचे आहेत आणि व्हिंटेजची एकही सवलत नाही. अशा गाड्यांचे मालक संख्येने जास्त आणि आवाजाने कमी. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाच्या वीस वर्षांच्या अटीने बंद झाली तेव्हा पेपरात फोटो आले, लोक हळहळले. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीची ही गाडी, पण टॅक्सीच्या अटीत गाडीची घडण बघितली जात नाही. तुमची जीप पिवळ्या पाटीवर असेल तर हे लक्षात ठेवा आणि वडापचा धंदा कधीच थांबला असेल तर ती खासगीत वर्ग करून घ्या. कराचा फरक भरावा लागेल, पण पन्नास वर्षांची वाट फक्त खासगी गाडीलाच मोकळी आहे.

आता पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही बनतं. आपल्या तालुक्यात वेसरफला साखर कारखाना आहे, जिल्हाभर तर आहेतच, तेव्हा इथेनॉलला नावं ठेवणारा इथला माणूस अर्ध्या तोंडाने बोलतो. उसाचं बिल वेळेवर हवं आणि कार्ब्युरेटरही सडायला नको, अशी ती अडचण. ऊस वाढवणाऱ्याच्याच जीपमध्ये तो परत येतो.

इथेनॉल पाणी ओढतं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे टाकीच्या झाकणातून दमट हवा आत-बाहेर होत राहते. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. जुन्या गाडीचा तेल ओढणारा पाईप तळापासूनच ओढतो. श्रावणात गाडी चालू होत नाही, कॉइल बदलून झाली, पॉइंट घासून झाले, तरी होत नाही, तेव्हा टाकीचा तळ आधी तपासा. काचेच्या बाटलीत तळातलं थोडं पेट्रोल काढून उजेडात धरा. दोन थर दिसले तर सगळी टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. वरून ताजं पेट्रोल ओतून काम भागत नाही.

गाडी जूनपासून दसऱ्यापर्यंत उभीच राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्या आणि मगच बंद करा. आठवड्याला एकदा तरी बाहेर काढणार असाल तर दहा-पंधरा दिवसांत संपेल एवढंच भरा. टाकी फुल करून ठेवायची जुनी पद्धत निव्वळ पेट्रोलच्या काळात बरोबर होती, वीस टक्क्यांच्या पेट्रोलला मी ती सुचवणार नाही.

काळे रबरी पाईप मऊ पडून चिकट झाले की इथेनॉलने त्यांना धरलं असं समजा. इथेनॉल चालणारे पाईप मागून घ्या, तेलपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधली सुईही त्याच जातीची बसवा. जुन्या टाकीत साठलेला गंज आणि राळ इथेनॉल सोडवून पुढे पाठवतं, म्हणून पहिल्या काही महिन्यांत फिल्टर वरचेवर बदला. जुनं जेट तेवढंच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं. वीस टक्क्यांच्या पेट्रोलला त्याच हवेत साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. प्लग काढून बघा, पांढरट दिसला तर मिस्त्रीला जेट एक नंबर वाढवायला सांगा. शिशाचं पेट्रोल देशभरातून फेब्रुवारी २००० मध्ये गेलं, पण तेव्हाही व्हॉल्व्हच्या सीट न बदललेल्या गाड्या अजून आहेत. हेड उघडलंच आहे तर तेही काम उरकून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली लेथ आणि फाउंड्रीची दुकानं अशा कामाला देशात कुणाला हार जाणार नाहीत. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांच्या पिढीने बसवलेली ती घडी आहे. फक्त काढलेला जुना पार्ट तिथे सोडून येऊ नका. चिठ्ठी बांधून घरी ठेवा, व्हिंटेज समितीपुढे मूळ वस्तू दाखवायला तो लागतो.

पीयूसीसाठी जुन्या गाड्यांना मापं सैल आहेत. पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्के, डिझेलला धुराची घनता ६५. ट्यून केलेली पन्नास वर्षांची गाडी त्यात आरामात बसते. बसत नसेल तर दोष वयाचा नाही, कार्ब्युरेटरचा नाहीतर डिझेल पंपाचा आहे. गाडी न नेता मिळालेलं पीयूसी घेऊ नका. दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, आणि अशा कागदांमुळेच जुन्या गाड्यांचं नाव खराब होतं.

पत्र्याचं तर इथे वेगळंच प्रकरण. गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत घट्ट बांधली की आतली वाफ बाहेर पडत नाही आणि छपरावर न पडलेला पाऊस आतून पडतो. वर पत्र्याचं शेड, तिन्ही बाजू मोकळ्या आणि गाडीवर सुती चादर, हे बरं. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पत्रा आतून सडतो आणि बाहेर फोड येईपर्यंत कळत नाही. बारीक तारेने ती वरचेवर मोकळी करा. हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, ड्रमला लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. बॅटरी काढून घरात आणा.

करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं नको. तेही हवेतलं पाणी ओढतं आणि तापलं की उकळतं, पेडल थेट फळीला टेकतं. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. चढताना गाडी मध्येच गुदमरून बंद पडली तर तेलपंपात वाफ धरली असेल, इथेनॉलमुळे हे आता जास्त होतं. पंपावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटं थांबा. फियाटवाल्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या डिकीत फडकं आणि पाण्याची बाटली कायम असते.

नव्याने जुनी गाडी घेणाऱ्यांना एकच सांगणं. रंग बघू नका, बुक बघा. बुकावरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन आणि मालक या चार गोष्टी समोर उभ्या गाडीशी जुळल्या तर पत्रा सडलेला असला तरी घ्या. पत्रा कोल्हापुरात मिळतो. बुक हरवलंय, नंतर देतो असं म्हणणाऱ्याकडून चकाचक गाडीही घेऊ नका. दिल्लीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून आणणारे बरेच आहेत. तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि सगळं बघून असं वाटलं की आपल्या गाडीचं चेसिसच गेलं आहे, नावावर करणं शक्य नाही किंवा घरात कुणालाच तिची आवड नाही, तर ती सोडण्यात कमीपणा नाही. पण गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो आणि ती पाटी उद्या दुसऱ्या कुठल्या गाडीवर दिसली तर पोलीस तुमच्या दारात येतात. नोंदणीकृत वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्राला द्या, जमा प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतून नोंदणी रद्द झाल्याची पोच फाईलला लावा. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. मीटरचे डायल, कार्ब्युरेटर, हेडलाइटच्या रिंगा, काचा यांना दुसऱ्या हौशी मालकांत गिऱ्हाईक असतं. गाडी देण्याआधी केंद्रवाल्याला विचारून त्या वस्तू काढून घ्या. इंजिन आणि चेसिसला मात्र हात लावू नका, प्रमाणपत्र त्या दोन नंबरांवरच निघतं.